गोरट्याची माणसं, आपली माणसं

गोरट्यात आता १०३ फूट उंचीचा राष्ट्रध्वज आहे. २६ मार्च २०२३ रोजी केंद्रीय गृहमंत्री अमित शहा यांनी तिथल्या हुतात्मा स्मारकाचं आणि सरदार पटेल स्मारकाचं उद्घाटन केलं. याच गावात अडीच फुटांचा तिरंगा लावला म्हणून शेकडो माणसं मारली गेली, याची आठवण त्यांनी भाषणात करून दिली. स्मारकाची पायाभरणी १७ सप्टेंबर २०१४ला झाली होती. गाव मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून आपल्या मेलेल्यांना ओळखत होतं. बिदर जिल्ह्याच्या बसवकल्याण-भालकी पट्ट्यात गोरट्याचं नाव निघालं की आमच्या लहानपणी म्हातारी माणसं हातातलं काम थांबवायची. विडी विझवायची, जातं थांबायचं. आणि मग कुणीतरी म्हणायचं, "लेकरांसमोर नको."

तो दिवस ९ मे १९४८. रविवार, चैत्रातली अमावास्या. देश स्वतंत्र होऊन नऊ महिने होत आले होते, पण आमच्या मुलखात अजून निजामाचा अंमल होता. भारत सरकार आणि निजाम यांच्यात २९ नोव्हेंबर १९४७ला 'जैसे थे' करार झाला होता. त्या करारानं दिल्ली आणि हैदराबादला सवड मिळाली, खेड्यांना काही मिळालं नाही. खेड्यांत रझाकार फिरत होते. इत्तेहादुल मुस्लिमीनची ही स्वयंसेवक सेना, आणि तिचा म्होरक्या कासिम रझवी, लातुरात वकिली केलेला. म्हणजे आमच्या बाजारगावचाच माणूस. त्याला पाहिलेली माणसं आमच्या नात्यात होती.

गोरट्याच्या तरुणांनी रझाकारांना तोंड द्यायचं ठरवलं होतं. भाऊराव पाटलांचं नाव त्या संदर्भात आजही घेतलं जातं. तिरंगा लावला हा राग होताच, त्यात मधल्या काळातल्या चकमकींचं वैर मिसळलं, आणि त्या दिवशी टोळ्या गावावर चालून आल्या. घरं लुटली, पेटवली, सापडेल त्याला कापलं. मेलेल्यांचा आकडा २००च्या आसपास सांगतात. गावातल्या एका भक्कम वाड्यात शेकडो बाया, लेकरं, म्हातारी माणसं शिरली म्हणून वाचली. वर्तमानपत्रं गोरट्याला दक्षिणेतली जालियनवाला बाग म्हणतात. लिहिणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, पण मला ते पटत नाही. अमृतसरला गोळ्या झाडणारं सैन्य परक्या सरकारचं होतं. गोरट्यात मारणाऱ्यांतले काही आणि मरणारे एकमेकांना तोंडानं ओळखत होते, एका बाजारात बसत होते. ते दुःख वेगळ्या जातीचं आहे, आणि त्याला त्याचंच नाव पुरे आहे.

माझं माहेर भालकी तालुक्यातलं, मांजरेच्या काठचं. घरात मराठी, शाळेच्या पाटीवर कन्नड, बाजारात दखनी. लग्न होऊन मी उदगीरला आले. गोरट्याची बातमी आमच्या गावात पोहोचली तेव्हा आजी नव्यानं नांदायला आलेली पोरसवदा सून होती, कडेवर पहिलं लेकरू. बातमी कुणी आणली ते तिला आठवत नव्हतं. आठवत होतं ते हे, की सासऱ्यांनी जेवणाचं ताट पुढं सरकवलं आणि बाहेर जाऊन गोठ्यातली जनावरं सोडून दिली. "जनावरं सोडली म्हणल्यावर मला समजलं, बाई. माणूस दावं कवा सोडतो?" असं ती म्हणायची.

त्या काळी आमच्याकडे ज्वारी पेवात ठेवायचे. अंगणात किंवा गावाच्या पांढरीत खणलेला खोल खड्डा, वर तोंड एवढंसं अरुंद, आत पोट रुंद. तळाला आणि कडेला कडबा, तुराट्या लावायच्या, धान्य ओतायचं, तोंडावर फरशी ठेवायची आणि माती-शेणानं लिंपून टाकायचं. वरून चालणाऱ्याला कळू नये की पायाखाली वर्षाचं अन्न आहे. पेव उघडलं की लगेच आत उतरायचं नाही, ही शिस्त लेकरालाही ठाऊक असे. आतली कोंदलेली हवा माणसाला मारते. फरशी काढून थांबायचं, मग कंदील सोडायचा, तो जळत राहिला तर माणूस उतरायचा.

त्या वर्षी आमचं पेव अर्धंअधिक रिकामं होतं. निजाम सरकारची लेव्ही होती, पिकलेल्या धान्यातला ठरलेला हिस्सा सरकारी भावानं घालावाच लागे. घातली नाही तर गिरदावर, पटवारी, आणि त्यांच्या पाठीमागून बंदूकवाले. बातमी आली त्या रात्री त्या पेवात आजी, तिच्या दोन जावा आणि लेकरं उतरली. फरशीला बोटभर फट ठेवली होती. वर गंजीतला कडबा पसरून दिला.

मी तिला विचारायचे, "आजी, तुला भ्या नाही वाटलं?"

"भ्यायला येळ कुठं व्हता? लेकरू रडलं तर काय करायचं, एवढंच डोस्क्यात." तिनं पदराच्या चिंधीत गूळ बांधला, तोंडातल्या थुंकीनं ओला केला आणि बाळाच्या तोंडात धरून ठेवला. पहाटेपर्यंत. तिचा हात नंतर दोन दिवस वर उचलत नव्हता. आमच्या गावावर त्या रात्री कुणी आलं नाही. "आलेच न्हाईत," एवढं सांगून ती थांबायची, आणि हे थांबणं आम्हाला लहानपणी अपुरं वाटायचं. गोष्टीत रझाकार यायला हवेत असं वाटायचं. आता वाटतं, भीतीचा इतिहास असाच असतो. दहा गावांत कुणी येत नाही, पण दहाही गावांच्या सुना पेवात बसतात.

पुरुष मंडळी माळवदांवर होती. आमच्याकडची घरं धाब्याची, मातीची सपाट छपरं एकमेकांना लागून. एका टोकाच्या माळवदावरून निघालेला माणूस जमिनीला पाय न लावता गावाच्या दुसऱ्या टोकाला जायचा. वर दगडांचे ढीग, गोफणी, आणि घरोघरचं तिखट. वेशीला बाभळीचे फास टाकले होते. बंदुका नव्हत्या; असल्या तर एखादी ठासणीची. एवढ्या तयारीवर गावं उभी राहिली.

सगळीच गावं माळवदावर बसून राहिली नाहीत. हैदराबाद स्टेट काँग्रेसनं ७ ऑगस्ट १९४७पासून भारतात विलीन व्हा म्हणून लढा पुकारला, आणि सरहद्दीवर छावण्या उभ्या राहिल्या. आळंदकडची पोरं अक्कलकोटच्या बाजूला वागदरीला, आमच्याकडची सोलापूर, बार्शीकडे. करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका चुकवून रात्री निघायचं, खिशातला निजामाचा हाली शिक्का पलीकडे चालायचा नाही म्हणून कुणाकडून तरी तिकडचा कलदार रुपया मागून घ्यायचा. या लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ जन्मले सिंदगीला, विजापूर जिल्ह्यात. त्यांनी शिकवलं हिप्परग्याला आणि अंबाजोगाईला. एका आयुष्यात कानडी मुलूख आणि मराठी मुलूख असे जोडलेले होते. तेव्हा ते वेगळे आहेत असं कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

उदगीरला आल्यावर या गोष्टीचं दुसरं टोक मला सापडलं. उदगीर तेव्हा बिदर जिल्ह्यातच होतं. इथले वकील भाई श्यामलाल हे आर्य समाजाचे कार्यकर्ते. १९३८च्या डिसेंबरात ते बिदरच्या तुरुंगात मरण पावले. त्यांच्या नावाची शाळा उदगीरमध्ये आहे, माझ्या सासरची दोन पिढ्यांची मुलं तिथं शिकली. त्याच वर्षी कल्याणीत, म्हणजे आजच्या बसवकल्याणात, आर्य समाजाचेच धर्मप्रकाश मारले गेले. त्यांच्या आधी गुंजोटीचे वेदप्रकाश. आणि १९४८मध्ये देवर्जनजवळच्या हत्तीबेटावर किसान दलाची माणसं रझाकारांशी झुंजली. म्हणजे गोरटा ही एका दिवसाची, एका गावाची घटना नाही. दहा वर्षं हा मुलूख माणसं गमावत होता.

मग १३ सप्टेंबर १९४८ला भारतीय सैन्य सोलापूरकडून नळदुर्गात शिरलं. आमचे चुलत आजोबा तेव्हा विशीतले. हैदराबादच्या सडकेवर सस्तापूर बंगल्याजवळ ते पाहायला गेले होते. त्यांच्या सांगण्यात रणगाड्यांपेक्षा चिखल जास्त असायचा. भादव्याचे दिवस, सडकेच्या दोन्ही अंगांना काळी जमीन, त्यात चाकं रुतायची आणि गावकरी खांदा लावायचे. एका शिपायानं त्यांच्याकडे खुणेनं पाणी मागितलं. त्यांनी तांब्या दिला, तो प्यायला आणि तांब्या परत देताना त्यानं हात जोडले. "बंदूकवाल्यानं हात जोडलेले मी पहिल्यांदा बघितले," असं ते म्हणायचे. १७ सप्टेंबरला सैन्य बिदरमध्ये होतं. त्याच दिवशी निजामानं शरणागती पत्करली. तो शुक्रवार होता, अनंत चतुर्दशी. पाच दिवसांत राज्य गेलं.

इथपर्यंतची गोष्ट आमच्याकडे मोठ्यानं सांगतात. पुढची हळू आवाजात सांगतात, किंवा सांगतच नाहीत.

सैन्याच्या या कारवाईनंतर, म्हणजे पोलीस ॲक्शननंतरच्या दिवसांत, याच जिल्ह्यांत मुसलमानांवर सूड उगवला गेला. पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांची समिती भारत सरकारनं पाठवली. १९४८च्या नोव्हेंबर-डिसेंबरात ती गावोगाव फिरली. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांत सर्वांत जास्त हानी झाल्याचं तिनं नोंदवलं, आणि संस्थानभरात २७ हजार ते ४० हजार माणसं मेली असावीत असा अंदाज दिला. तो अहवाल कितीतरी वर्षं लोकांपुढे आलाच नाही. मेलेल्यांत रझाकार किती आणि नुसते शेतकरी, विणकर, मुलाणी, अत्तार किती? गोरट्यात मारलेल्यांचा जसा कुणी गुन्हा विचारला नाही, तसा यांचाही विचारला नाही. आमच्या गावात मुलाण्याचं एक घर होतं. आजी त्या घराबद्दल एकच वाक्य बोलायची: "ती माणसं चांगली व्हती." घर पडून गेलं. जोत्याचे दगड पुढं कुणाच्या तरी गोठ्याला लागले. ती माणसं वाचली की नाही हे मी पुन्हापुन्हा विचारलं, तिनं कधीच सांगितलं नाही.

हे मी मुद्दाम लिहिते आहे. १७ सप्टेंबरच्या व्यासपीठावर हे बोललं तर कार्यक्रमाचा रंग बिघडेल असं लोकांना वाटतं. मला वाटतं, न बोलल्यानं आपल्याच हुतात्म्यांचं मोल कमी होतं. ज्या लढ्यात 'इमरोज'चे संपादक शोएबुल्ला खान यांनी भारतात विलीन व्हा असं उर्दूत लिहिलं आणि २२ ऑगस्ट १९४८ला हैदराबादेत त्यासाठी जीव दिला, तो लढा एका धर्माचा नव्हता. निजामाच्या जुलमाविरुद्ध तो प्रजेचा लढा होता. प्रजेत कोण कोण होतं हे आपण विसरलो, तर गोरट्याच्या माणसांनी कशासाठी जीव दिला हेही विसरू.

दरवर्षी १७ सप्टेंबरला माझ्या दोन्ही घरी झेंडावंदन असतं. उदगीरला तो मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. माहेरी पूर्वी तो हैदराबाद-कर्नाटक विमोचन दिन होता, २०१९पासून कल्याण कर्नाटक उत्सव. १ नोव्हेंबर १९५६ला राज्यं भाषेवर आखली गेली तेव्हा जुन्या बिदर जिल्ह्याचे तीन तुकडे झाले: उदगीर, अहमदपूर, निलंगा इकडे आले, भालकी, हुमनाबाद, औराद म्हैसूरकडे गेले, जहिराबाद-नारायणखेड आंध्रात गेले. सोयरीक तुटली नाही, पण मेलेल्यांच्या याद्या तुटल्या. एका घरातला एक भाऊ हत्तीबेटाकडे गेला, दुसरा भालकीकडे मारला गेला, तर आता एकाचा सन्मान एका राज्यात आणि दुसऱ्याचं नाव कुठंच नाही, असं झालं आहे.

माहेरचं झेंडावंदन मी अनेकदा पाहिलं आहे. सकाळी मुलांची प्रभातफेरी निघते. पंचायतीपुढच्या स्तंभाला चुन्याचा हात, झेंडूच्या माळा, पायाशी रांगोळी. कन्नडमधून घोषणा, मग भाषणं. गावातली म्हातारी माणसं प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर पुढच्या रांगेत बसवलेली असतात, डोक्याला नवे फेटे, हातात श्रीफळ. ती दरवर्षी कमी होतात. भाषणं करणारे पटेलांचं नाव घेतात, स्वामीजींचं घेतात, आणि बरोबरच आहे. त्या रात्री नाही, तरी त्या काळात गेलेल्या गावच्या माणसांसाठी मात्र "असंख्य अनाम वीर" एवढंच येतं.

एकदा त्या पुढच्या रांगेतले एक आजोबा न बोलावता उठले. माईक घेतला नाही. स्तंभाकडे तोंड करून त्यांनी घरं मोजायला सुरुवात केली. वेशीजवळच्या घरचा थोरला. त्याच्या शेजारच्या घरचे बापलेक. आडाच्या कोपऱ्यावरची विधवा, जी आडातून परत वर आली नाही. तेल्याच्या घरचा पोरगा, ज्याचं लग्न ठरलं होतं. कुंभारवाड्यातली दोघं. मग थांबून, आवाज न बदलता, मुलाण्याच्या घरचा म्हातारा. प्रत्येक घराबरोबर त्यांनी नावं घेतली, पाळण्यातलं नाव आणि हाक मारायचं नाव, दोन्ही. सूत्रसंचालकाला काय करावं कळेना, तो हातातला कागद घडी घालत उभा राहिला. मागं बसलेल्या बायका मात्र एकेक करून उठल्या आणि आपापल्या घराचं नाव आलं की नाही ते ऐकत राहिल्या. एकजण म्हणाली, "आमच्या चुलत्याचं घेतलं नाही, आजोबा." ते म्हणाले, "घेतो, थांब," आणि घेतलं.

त्या वर्षीच्या झेंडावंदनात खरं काय झालं असेल तर ते हे.

अनाम हा शब्द मला म्हणूनच सहन होत नाही. ती माणसं अनाम नव्हती. त्यांची नावं होती, त्यांच्या नावानं जमिनीचे कागद होते, त्यांच्या नावानं लग्नाच्या पत्रिका निघाल्या होत्या. अनाम आपण केलं. सरहद्दीच्या छावण्यांत ज्यांची नावं नोंदली गेली, ते पुढं स्वातंत्र्यसैनिक ठरले, त्यांना ताम्रपट मिळाले, निवृत्तिवेतन मिळालं, आणि ते त्यांच्या हक्काचंच होतं. पण घराच्या उंबऱ्यावर मेलेला माणूस कुठल्या छावणीच्या वहीत असणार? लेकराला पाठीशी घालून मेलेली बाई कुठल्या तुकडीत होती? त्यांनी शस्त्र धरलं नाही म्हणून ते लढ्यात नव्हते, असं मी मानत नाही. लढा त्यांच्या दारात आला होता आणि ते दार सोडून गेले नाहीत.

गोरट्याला भव्य स्मारक झालं याचा मला मनापासून आनंद आहे. तो झेंडा दुरून दिसतो, आणि दिसलाच पाहिजे. पण स्मारकाचं खरं काम यादीचं आहे, आणि ती यादी कुठल्याही सरकारला घरी बसून करता येणार नाही. ती बसवकल्याण, भालकी, हुमनाबाद, औराद, आळंद, उमरगा, निलंगा, उदगीर या गावागावांतल्या घरांतच आहे, जे १९४८ साली लेकरं होते त्यांच्या तोंडी. आज ते ऐंशीच्या पुढं आहेत.

तुमच्या घरात असं कुणी असेल तर या १७ सप्टेंबरच्या आत त्यांच्याजवळ बसा. "रझाकारात आपलं कोण गेलं?" एवढंच विचारा, आणि मग मधे बोलू नका. नाव लिहा, बापाचं नाव लिहा, घर कुठं होतं ते लिहा, वय अंदाजानं लिहा. बायकांची नावं माहेरच्या नावासकट लिहा. ॲक्शनच्या आधी गेलेले लिहा आणि ॲक्शननंतर गेलेलेही लिहा, कुठल्याही धर्माचे असोत. मराठीत लिहा, कन्नडमध्ये लिहा, आजोबांना उर्दूच येत असेल तर उर्दूत लिहून घ्या. त्याच्या तीन प्रती करा: एक शाळेत द्या, एक पंचायतीत द्या, एक घरी ठेवा. आणि झेंडावंदनाला ती यादी घेऊन जा, आणि वाचा.